चांदीच्या कामातलं व्हिनेगर

डाग देऊन झालेला चांदीचा तुकडा काळवंडलेला असतो आणि टाकणखार त्याला काचेसारखा चिकटून बसलेला असतो. तो उजळायला सोनार गंधकाचं तेजाब पाण्यात घालून वापरत आले आहेत, तुरटीच्या गरम पाण्यानेही काम होतं. हल्ली घरच्या घरी दागिने घडवणारे व्हिनेगर आणि मीठ किंवा लिंबूफूल वापरतात. मीही लिंबूफूलच वापरते. तेजाबापेक्षा ते कितीतरी बरं. पण शिकायला येणारी मंडळी तेजाबाला जेवढी भितात, त्याच्या शतांशानेही व्हिनेगरला भीत नाहीत, आणि मला काळजी वाटते ती याचीच.

कोशिंबिरीवर चमचाभर शिंपडलेलं व्हिनेगर वेगळं आणि बंद खोलीत शेगडीवर तापणारं भांडंभर व्हिनेगर वेगळं. त्याची वाफ डोळ्यांना आणि घशाला झोंबते, शेजारच्या कानशी आणि पकडी गंजतात. लालभडक तुकडा थेट त्यात सोडला की आम्ल उसळून तोंडावर येतं. म्हणून तुकडा आधी साध्या पाण्यात विझवायचा, मग आम्लात, आणि डोळ्यांवर चष्मा हवाच.

पितळेचा दागिना उजळला की त्यावर तांबूस थर राहतो. तो काढायला औषधाच्या दुकानातलं हायड्रोजन पेरॉक्साइड आम्लात घालण्याची युक्ती सगळीकडे सांगितली जाते. युक्ती खरी आहे, पण आम्ल व्हिनेगरचं असेल तर त्यातून पेरॅसिटिक आम्ल तयार होतं आणि ते डोळे आणि फुप्फुसं पोळतं. पेरॉक्साइड घालायचं तर लिंबूफुलाच्याच पाण्यात, थोडं, खिडकी उघडी ठेवून. त्या भांड्याला घट्ट झाकण कधीच लावू नये, आत प्राणवायू साचत जातो.

चांदीला काळी झाक देण्यासाठी लिव्हर ऑफ सल्फर वापरतात. त्याचा एक थेंबही आम्लात जाऊ नये. त्यातून हायड्रोजन सल्फाइड सुटतो. सडक्या अंड्याचा वास येतो म्हणून तो कळतो खरा, पण प्रमाण वाढलं की नाक बधिर होतं आणि वास गेला म्हणजे वायू गेला असं वाटतं. नवशिक्यांना मी उकडलेलं अंडंच देते. ते कुस्करून दागिन्यासोबत डब्यात बंद केलं की अंड्यातल्या गंधकाने चांदी सावकाश काळी होते. वेळ लागतो, लागू दे.

ब्लीच मात्र मी कामाच्या खोलीत येऊच देत नाही. आम्लाशी त्याची गाठ पडली की क्लोरीन, अमोनियाशी पडली की क्लोरामाइन. फरशी पुसायला दुसरं पुष्कळ काही मिळतं.

लिंबूफुलाचं पाणी वापरून वापरून निळं होतं, कारण त्यात तांबं उतरलेलं असतं. ते मोरीत ओतायचं नाही, नदीतल्या माशांना तांबं घातक. खायचा सोडा चमचा चमचा टाकून फेस थांबेपर्यंत आम्ल मारावं, असं सगळे सांगतात. तेवढ्याने आम्ल मरतं, तांबं नाही. लिंबूफूल तांब्याला धरून ठेवतं, म्हणून पाणी निळंच राहतं. लघवीतली साखर तपासायचं निळं बेनेडिक्ट द्रावण याच गुणावर बनलेलं असे. म्हणून ते पाणी मी पसरट प्लॅस्टिकच्या ट्रेमध्ये, मुलं-मांजरं पोचणार नाहीत अशा जागी, उन्हात सुकवते आणि उरलेला खार चिठ्ठी लावलेल्या बरणीत भरून घातक कचऱ्यात वेगळा देते.