५३ बाइट्सचं एटीएम

एटीएम म्हटलं की पैशाचं मशीनच आठवतं. पण आम्हा नेटवर्कवाल्यांचं एटीएम वेगळं: असिन्क्रोनस ट्रान्स्फर मोड. इंजिनिअरिंगला ते परीक्षेपुरतं पाठ केलं होतं. खरं समजलं ते नगर-मनमाड रोडमुळे!

गळीत हंगामात राहुरी ते कोल्हार गेलेल्यांना सांगायला नको. पुढे उसाचा ट्रॅक्टर, त्याला दोन ट्रॉल्या, मागे एसटी आणि तिच्यामागे सायरन वाजवणारी अ‍ॅम्ब्युलन्स. चूक कोणाचीच नाही. एकाचा माल मोठा, दुसऱ्याला घाई मोठी.

तारेवरही तेच. १२८ केबीपीएसच्या अपलोडवर १५०० बाइट्सचं एक पॅकेट सुटलं की लाइन सुमारे ९४ मिलिसेकंद अडते. फाइलला त्याचं काही नाही, बोलणाऱ्या माणसाला आहे. म्हणून एटीएमने ठरवलं, डेटा असो, आवाज असो की व्हिडिओ, सगळ्यांचे ५३ बाइट्सचे सारखे तुकडे करायचे. त्यांना म्हणायचं सेल. ५ बाइट्स पत्ता, ४८ बाइट्स माल. एक सेल ३.३ मिलिसेकंदात निघून जातो आणि लगेच आवाजाचा सेल मध्ये सोडता येतो.

४८च का? १९८०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेला ६४ हवे होते, युरोपला ३२. मधला आकडा घेतला. आपल्याकडच्या वाटण्यांसारखंच की!

गंमत पुढेच आहे. २००५ मध्ये बीएसएनएलचं ब्रॉडबँड आलं, तेव्हा मोडेममध्ये व्हीपीआय ० आणि व्हीसीआय ३५ टाकावं लागे. हे एटीएम सर्किटचेच आकडे. पण घरगुती एडीएसएलला सहसा एकच सर्किट असायचं, आणि एका सर्किटवर एका पॅकेटचे सगळे सेल गेल्याशिवाय दुसऱ्याचे सुरू होत नाहीत. म्हणजे ट्रॉल्या सोडवल्या, तरी अ‍ॅम्ब्युलन्स मागेच! पत्त्याचा साडेनऊ टक्के टोल मात्र चालू.

आता फायबर आहे. १ जीबीपीएसवर तेच पॅकेट १२ मायक्रोसेकंदात जातं, त्यामुळे तुकडे करायची गरजच उरली नाही आणि एटीएम मागे पडलं.

रांग मात्र गेली नाही. भाऊ घरी मोठा व्हिडिओ अपलोड करत असला की मी आईला विचारतो, "शुगर किती आली?" आणि ऐकू येतं, "एकशे... हॅलो?" पुढचे दोन आकडे राउटरच्या रांगेत. मागच्या सुट्टीत मी राउटरमध्ये कॉलला प्राधान्य देऊन आलो. पाच मिनिटांचं काम. तुमच्याही घरी कोणी असं बोलत असेल, तर या वीकेंडला तेवढं करूनच टाका.