संगणकाच्या घरातल्या वेगळ्या चुली

प्रयोगशाळेत लिनक्स शिकवताना मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, "सर, हे सगळं फुकट आहे, तर मग ही माणसं भांडतात कशासाठी?" प्रश्न बरोबर होता. उत्तर द्यायला तास पुरला नाही, म्हणून इथे लिहितो.

वाटणी म्हणा की कन्नडमधले 'पालु' म्हणा, आपल्या घरांत तो शब्द निघाला की काय होते ते सांगायला नको. शेतात बांध पडतो, सोप्यात भिंत येते, प्रत्येकाचे थोडे कमीच होते. मुक्त सॉफ्टवेअरमध्ये तसे नसते. प्रणालीचा मूळ कोड कोणीही घ्यावा, बदलावा, पुढे द्यावा, अशी मुभा परवान्यातच असते. वेगळा होणारा अख्खे घर घेऊन जातो आणि मागच्या घराची वीटही हलत नाही. याला फोर्क म्हणतात.

मग भांडण कशाचे? किल्लीचे. कोड सर्वांचा, पण मूळ भांडारात बदल नोंदवण्याचा अधिकार मोजक्यांकडे असतो.

थिओ डी राट हे १९९३ साली नेटबीएसडी ही प्रणाली उभारणाऱ्यांपैकी एक. डिसेंबर १९९४ मध्ये सहकाऱ्यांनीच त्यांना बाजूला केले आणि भांडार त्यांना बंद झाले. कारण तांत्रिक नव्हते. इतरांशी त्यांचे बोलणे फार कडवट असते, असे सांगितले गेले. महिनोन्‌महिने पत्रव्यवहार चालला. शेवटी ऑक्टोबर १९९५ मध्ये त्यांनी ओपनबीएसडी ही वेगळी चूल मांडली. गंमत अशी, की ज्याच्या तोंडावर दार लागले होते त्याने आपले भांडार इंटरनेटवरून कोणालाही वाचता येईल असे उघडे ठेवले. (बोलण्याची धार मात्र पुढेही तशीच राहिली म्हणतात!) याच मंडळींनी १९९९ मध्ये ओपनएसएसएच तयार केले. दूरच्या संगणकावर सुरक्षितपणे काम करण्यासाठी आज ते जगभर वापरतात, आणि नेटबीएसडीतही तेच असते. घरे दोन झाली, विहीर सामाईक राहिली.

डेबियनची गोष्ट वेगळी. तिथे लिखित घटना आहे, दरवर्षी प्रमुखाची निवडणूक होते. तरीही २०१४ मध्ये वाद पेटला. संगणक सुरू होताना सगळ्या सेवांना जागे करणारा भाग कोणता असावा? सिस्टमडी हा नवा भाग पुष्कळ कामे एकाच छत्राखाली आणतो. जुन्यांचे म्हणणे, एका अवजाराने एकच काम करावे. तांत्रिक समितीत मते समसमान पडली आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टमडी जिंकले. नाराजांनी नोव्हेंबरमध्ये देवुआन जाहीर केले. त्याची पहिली स्थिर आवृत्ती आली मे २०१७ मध्ये.

म्हणजे अडीच वर्षे! कोडची नक्कल घटकाभरात होते, माणसांची होत नाही. सुरक्षेतले प्रत्येक भोक आता दोन्ही घरांत बुजवायचे, आणि करणारे हात तेवढेच, तेही बहुधा नोकरी सांभाळून रात्री बसणारे. मला हा खर्च मोठा वाटतो. तरी जाण्याची वाट मोकळी असावीच, असे माझे मत आहे. कोणीही उठून जाऊ शकतो हे ठाऊक असले, की किल्लीवाला जरा जपून वागतो.

आणि गेलेले कधी परततही असतात. घरोघरच्या राउटरमध्ये चालणाऱ्या ओपनडब्ल्यूआरटीमधून, कारभार पारदर्शक नाही म्हणत, २०१६ मध्ये काहीजण बाहेर पडले. त्यांनी लीड नावाचा प्रकल्प काढला आणि निर्णय कसे घ्यायचे याचे नियम लिहून काढले. जानेवारी २०१८ मध्ये दोन्ही घरे पुन्हा एक झाली. नाव ठेवले जुन्या घराचे, आणि नियम नव्या घराचे.