आधी वरचं बूच

मागच्या रविवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास मी आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये एका गाडीखाली उताणा पडलो होतो. कानाशेजारी तेलाचं घमेलं, कोपराला ग्रीस, तोंडावर गंजाची पूड. आणि त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की आपण माती खाल्लेली आहे.

कशी, ते सांगतो. पण आधी गाडीबद्दल सांगायला हवं.

गाडी बाबांची. प्रीमियर पद्मिनी, १९९४ चं मॉडेल, एमएच-०२ पासिंग, रंग मूळचा पांढरा. आम्ही अंधेरी पश्चिमेला राहतो, बिल्डिंग जुनी, आणि आमच्या वाट्याला पार्किंगची जागा एकच. त्या जागेवर पद्मिनी उभी. मी गेलं वर्षभर इलेक्ट्रिक गाडी घ्यायचं म्हणतोय, आणि ती उभी करायला आणि चार्ज करायला मला तीच जागा हवी आहे. आई माझ्या पक्षात आहे. बाबा कुठल्याच पक्षात नाहीत, ते विषय निघाला की पेपर वाचायला लागतात. रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी रिन्यू केलंय, ते २०२९ पर्यंत चालेल. ग्रीन टॅक्स भरलाय. कागदावर गाडी एकदम ठणठणीत.

मी हापिसात मित्रांना "आमची स्पोर्ट्स कार" म्हणून सांगतो. ते हसतात. जेमतेम चाळीस हॉर्सपॉवर, स्टिअरिंगच्या दांड्याला गिअर, तेव्हा हसणारच. पण मंडळी, ऐका. पद्मिनी म्हणजे मुळात इटलीची फियाट ११००, इंजिन १०८९ सीसी. लढाई संपल्यावर इटलीत चिसितालिया नावाच्या छोट्याशा कंपनीने याच फियाट ११०० चं इंजिन आणि सुटे भाग घेऊन रेसिंगच्या गाड्या बनवल्या. १९४७ च्या मिल्ले मिल्या शर्यतीत तात्सिओ नुव्होलारी हा चौपन्न वर्षांचा, आजारी माणूस अशाच एका उघड्या चिसितालियात बसून दुसरा आला होता. आणि चिसितालिया २०२ ही गाडी न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टच्या संग्रहात आहे. तेच खानदान पुढे कुर्ल्याच्या कारखान्यात आलं आणि काळं-पिवळं होऊन मुंबईभर फिरलं. त्यांच्या नशिबी म्युझियम, आमच्या नशिबी अंधेरी सबवे. असो. शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस बंद झाली, टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा आहे म्हणून. तेव्हा बाबांनी पेपरातलं कात्रण कापून ठेवलं होतं. काही बोलले मात्र नाहीत.

तर, आवाज. गणपतीत मी गाडी बाहेर काढली, जे. पी. रोडला लागलो, आणि चाळीसच्या पुढे गेल्यावर मागच्या सीटखालून "ऊंऽऽऽ" सुरू झालं. अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की सूर बदलायचा. पाय दाबला की पुन्हा वर. टायरचा किंवा बेअरिंगचा आवाज पायाबरोबर असा बदलत नाही सहसा. हा गिअरच्या दातांचा आवाज, म्हणजे डिफरन्शियलचा.

ज्यांच्या गाडीत हे सगळं पुढच्या बॉनेटखालीच उरकलेलं असतं (म्हणजे तुम्ही जवळजवळ सगळे), त्यांच्यासाठी थोडक्यात. पद्मिनीचं इंजिन पुढे आणि ताकद मागच्या चाकांना. मधे लांब शाफ्ट. मागे अॅक्सलच्या मधोमध जो लोखंडी गोळा दिसतो, त्यात शाफ्टच्या टोकाचा छोटा पिनियन मोठ्या क्राऊनला फिरवतो. क्राऊनच्या पोटात आणखी चार छोटे गिअर असतात, आणि खरी गंमत त्यांची. गाडी वळते तेव्हा बाहेरच्या चाकाला जास्त अंतर कापायचं असतं, आतल्याला कमी. एकच दांडा दोघांना फिरवत असेल तर एक चाक घासत जाणार. हे चार गिअर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देतात आणि तरी दोघांना ताकद देतात. पेकर नावाच्या फ्रेंच घड्याळजीने याचं पेटंट घेतलं १८२८ साली. तेव्हा पेट्रोलची गाडी जन्मायची होती, हे त्याने वाफेच्या गाडीसाठी केलं होतं. जवळपास दोनशे वर्षांत या कोडमध्ये कोणाला फारसा बदल करावा लागलेला नाही. आम्ही दर दोन आठवड्यांनी रिलीज करतो आणि त्यातही बग असतात.

जवळच्या एका गॅरेजवाल्याने गाडी चालवून पाहिली आणि म्हणाला, क्राऊन-पिनियन गेलं, जुना सेट शोधावा लागेल, सगळं धरून अठरा हजार. वर म्हणाला, "साहेब, एवढ्यात तर गाडी भंगारात द्या." आईने ते वाक्य उचललं. बाबा पेपर वाचायला लागले.

मी विचारलं, "बाबा, मागचं ऑईल शेवटचं कधी बदललं होतं?"

पेपरामागून उत्तर आलं, "बदललंय की."

"कधी?"

"तो आपला पूर्वेचा मेकॅनिक होता ना, तो बघायचा."

तो पूर्वेचा मेकॅनिक म्हणजे गोखले पुलाच्या पलीकडचा. पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये बंद झाला, एक बाजू उघडली फेब्रुवारी २०२४ मध्ये. मधल्या काळात पश्चिमेहून पूर्वेला गाडी घेऊन जाणं म्हणजे एक दिवसाची सुट्टी टाकणं. बाबांनी जाणं सोडलं. पूल उघडला तेव्हा मेकॅनिक गॅरेज विकून गावी गेलेला होता.

म्हटलं, अठरा हजार घालवायच्या किंवा गाडी विकायच्या आधी निदान तेल तरी बघू. कमी तेलाने किंवा मेलेल्या तेलानेही असा आवाज येतो. फार तर एक रविवार जाईल.

शनिवारी तेल आणायला गेलो. दुकानदाराला म्हटलं, "ईपी ९०, दोन लिटर, जीएल-५ हवं." तो म्हणाला, "टेम्पो आहे का?" पद्मिनी म्हटल्यावर त्याने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं आणि एक जुनी आठवण सांगायला सुरुवात केली. पद्मिनी म्हटलं की मुंबईत हे होतंच, वीस मिनिटं धरून चाला. या नव्वद नंबरच्या तेलात एक खासियत असते. या प्रकारच्या क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर नुसते लोळत नाहीत, घासत सरकतात. तेलाचा थर त्या दाबाखाली फाटतो. म्हणून तेलात गंधक आणि फॉस्फरसची द्रव्यं घालतात. दात तापले की ती धातूशी संयोग पावून वर एक पातळ थर धरतात आणि दातांऐवजी तो थर झिजतो. तेलाला जो कुजका वास येतो तो या गंधकाचा. आई तीन दिवस विचारत होती की बाल्कनीत काय मेलंय.

रविवारी सकाळी गाडी वर्सोव्यापर्यंत फिरवून आणली, कारण गरम तेल लवकर आणि पूर्ण निघतं. पुढच्या चाकांना विटा लावल्या, मागून जॅक मारला, घोड्यांवर टेकवली. (नुसत्या जॅकवर उभ्या असलेल्या गाडीखाली जाऊ नका. कधीच नाही. सेक्रेटरी काकांनीही हेच सांगितलं, पण त्यांना काळजी फरशीवरच्या डागांची होती.) खालचं बूच पहिल्याच झटक्यात सुटलं. मी खूश. काळं तेल घमेल्यात पडलं, आणि लवकरच थांबलं. अर्धा लिटरही नसेल. म्हणजे बाकीचं कधीतरी गळून गेलेलं. अॅक्सलवर हवा जायला एक छोटं भोक असतं, ते चिखलाने बुजलेलं होतं. ते बुजलं की आतली गरम हवा सीलमधून तेल बाहेर ढकलते.

जुन्या हार्ड डिस्कमधून काढलेलं मॅग्नेट माझ्याकडे होतं. ते तेलात फिरवलं. राखाडी, लोण्यासारखा गाळ चिकटला. तो चालतो, ती रोजची झीज. पण गाळ पुसला तेव्हा खाली तांदळाच्या कणीएवढा एक चकचकीत तुकडा निघाला. तो चालत नाही. तो दाताचा असतो.

तुकडा खिशात टाकला. आणि तेल भरायला वरचं बूच उघडायला गेलो.

ते हलेना.

जोर लावला, हलेना. पाना घसरला, बुचाचे कोपरे गोल व्हायला लागले. तर माती खाल्ली ती इथे. जुनं तेल काढायच्या आधी नवं तेल जिथून भरायचं ते बूच उघडतंय ना, हे बघायचं असतं. उघडलं नाही तर निदान गाडी आहे त्या तेलावर गॅरेजपर्यंत जाते. मी खालचं आधी उघडलं. आता गाडीत तेलाचा थेंब नाही, भरायला वाट नाही, आणि गाडी हलवली तर उरलेसुरले दातही जाणार. बॅकअप रिस्टोअर होतोय का हे न बघता प्रॉडक्शनचा डेटाबेस उडवणाऱ्या ज्युनिअरला मी गेल्याच महिन्यात पंधरा मिनिटं लेक्चर दिलं होतं.

डब्ल्यूडी-४० मारलं. थांबलो. वरून किटलीभर उकळतं पाणी आणून ओतलं. पान्याला पाईप लावला. शून्य. बारा वाजले होते आणि मी मनातल्या मनात टोइंगवाल्याचा नंबर शोधत होतो. खरं सांगायचं तर त्या मिनिटाला मला थोडं हलकंही वाटलं. गाडी इथून आता भंगारातच जाणार, आणि ते मी मुद्दाम केलेलं नव्हतं.

तेवढ्यात चपलांचा आवाज. बाबा.

"वरचं आधी उघडलं होतंस ना?"

मी गाडीखालून काहीच बोललो नाही. बाबांना उत्तर कळलं. ते गुडघ्यामुळे खाली बसू शकत नाहीत, त्यांनी प्लॅस्टिकची खुर्ची मागवली वॉचमनकडून आणि डिकीशेजारी बसले.

"हातोडीने बुचाच्या डोक्यावर सरळ ठोक. चार-पाच. जोरात नाही. हं. आता सोडवू नकोस, आवळ."

"आवळू?"

"आवळ रे. थोडंसं. गंज तुटू दे. मग सोड."

आवळलं. 'टक्' असा आवाज आला. मग उलटा जोर दिला आणि ते बूच, त्या मेल्याने मला दीड तास रडवलं होतं, सुटलं.

"लोणावळ्याला हेच झालं होतं," बाबा म्हणाले. "दोन हजार सहा साली. तू कॉलेजला होतास. त्यानंतर बदललंच नाही मी ते."

"आणि आवाज?"

ते जरा थांबले. "दोन वर्षं झाली असतील. मी टेप लावायचो."

मला एकदम आठवलं, हल्ली बाबा गाडी सोसायटीच्या गेटबाहेर काढायच्या आधी कॅसेट घालतात आणि आवाज मोठा ठेवतात. आम्हाला वाटायचं कान गेले. आई तर त्यांना तपासायला न्यायच्या गोष्टी करत होती. आवाज आम्हाला ऐकू आला असता तर गाडी गेली असती, एवढा साधा हिशोब होता.

मी खिशातला तुकडा काढून त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी चष्मा वर करून तो डोळ्याजवळ नेला, अंगठ्याने फिरवून पाहिला आणि स्वतःच्या शर्टाच्या खिशात टाकला.

भरणं सोपं होतं, फक्त कंटाळवाणं. गाडी पुन्हा जमिनीवर घेतली, कारण तिरक्या गाडीत पातळी चुकीची कळते. केमिस्टकडून आणलेली साठ मिलीची सिरिंज आणि नळी. एकेक सिरिंज बाबा मोजत होते आणि मधेच सेक्रेटरी काकांशी बोलण्यात विसरले. वरच्या बुचातून तेल बाहेर ओघळायला लागलं की भरलं, मोजायची गरज नसते. निघालं त्यापेक्षा बरंच जास्त आत गेलं. काढलेलं तेल वॉचमन गटारात ओतायला निघाला होता, त्याला थांबवलं. आमचं गटार मोगरा नाल्यात जातं आणि नाला खाडीत. ते कॅनमध्ये भरून ठेवलंय. एका गॅरेजवाल्याकडे जुन्या तेलाचा ड्रम आहे, त्याने घेतो म्हटलंय.

संध्याकाळी आम्ही दोघं निघालो. बाबा चालवायला. सवयीने त्यांचा हात टेपकडे गेला आणि परत गिअरवर आला. सात बंगल्यापर्यंत नुसतं ऐकत गेलो. चाळीसला आवाज होता. पण खालच्या सुरात, आणि पन्नासच्या जवळ जवळजवळ नाहीसा. वळताना काही खडखड नाही. दात तुटलेला आहेच, तेल घालून तो उगवत नाही. किती टिकेल, ते मी त्यांना विचारलं.

"पाच हजार किलोमीटर झाले की पुन्हा उघडून बघू," बाबा म्हणाले.

गाडी वर्षाला सहाशे किलोमीटर चालते. मी काही बोललो नाही. घरी आल्यावर त्यांनी गाडी आमच्या जागेवर लावली, नेहमीसारखी भिंतीला अगदी चिकटून, आणि खाली वाकता येत नाही म्हणून मला बघायला सांगितलं की गळतंय का.

गळत नव्हतं.