मी लावते ना!

आज नातीला लाइफ जॅकेटचं बक्कल लावायला शिकवलं. पाच वर्षांची पोर, बोटांत अजून तेवढा जोर नाही. मी हात पुढे केला की म्हणते, "आजोबा, मी लावते ना!" मग मी थांबतो. 'टच्' आवाज आला की पट्टा ओढायचा, मांड्यांमधला पट्टाही लावायचा. शेवटी मी खांद्यांशी धरून जॅकेट वर ओढून पाहतो. हनुवटीच्या वर सरकलं तर ते ढिलं आहे.

कुगावला धरणाच्या काठावर उभं राहिलं की २१ मे २०२४ ची संध्याकाळ आठवतेच. कळाशी-कुगावदरम्यान सोसाट्याच्या वाऱ्यात बोट उलटली. एक जण पोहत काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन चिमुकली होती.

धरणाच्या फुगवट्यामुळे पलीकडचं गाव डोळ्यांसमोर असतं, पण रस्त्याने मोठा वळसा. म्हणून माणसं बोटीत बसतात. त्यांना दोष कसा द्यावा?

मुलाच्या गाडीत नातीची बूस्टर सीट आहे. तिथे पट्टा तीच लावते: मानेवर नाही, खांद्यावरून, पोटावर नाही, मांड्यांलगत. पाण्यावरही तीच सवय हवी.

बोटवाल्याकडे लेकराच्या मापाचं जॅकेट मागा. नसेल, तर लेकराला बोटीत चढवू नका.