कामावर बांगड्या चालत नाहीत

आमची धाकटी चित्रपटांत काम करते म्हटलं, की बायकांचे डोळे चमकतात. ‘पडद्यावर नव्हे हो, ती बूम धरते,’ म्हटलं की चेहरे उतरतात. पण ती पडद्यावर दिसली, तर तिचं काम फसलं!

बूम म्हणजे लांब, हलकी काठी, टोकाला माइक. दोन्ही हात वर ताणून तो नटांच्या डोक्यावर धरायचा. चित्रात यायला नको, भिंतीवर सावली पडायला नको. वजन दोन-तीन किलोंच्या आतलंच. पण पाच मिनिटं हात खाली न घेता छताची जळमटं काढून बघा, म्हणजे खांदे सांगतील! शिवाय सगळ्यांचे संवाद पाठ हवेत. एकाचं वाक्य संपता संपता माइक दुसऱ्याकडे वळायला हवा.

पूर्वी कितीतरी वर्षं हिंदी चित्रपटांतले बहुतेक संवाद मागाहून स्टुडिओत डब होत. २००१ सालच्या ‘लगान’चे संवाद मात्र भुजजवळ चित्रीकरण चालू असतानाच टिपले गेले. पुढे ही पद्धत रुळत गेली.

अशा वेळी आवाज नको म्हणून पंखे बंद, फ्रिजही बंद. तो पुन्हा सुरू करायला विसरू नये म्हणून ही मंडळी गाडीची किल्ली फ्रिजमध्येच ठेवतात! किल्लीशिवाय घरी जाणार कसं? शेवटी सगळे अर्धा मिनिट निश्चल उभे राहतात आणि त्या खोलीची नुसती शांतताही टिपली जाते. संवादांचे सांधे बुजवायला ती लागते.

आता हिचं लग्न ठरतंय. मुलगा समजूतदार, होणाऱ्या विहीणबाईही प्रेमळ. फक्त त्या म्हणाल्या, ‘वर्षभर तरी हिरवा चुडा हातात हवा हं.’

लेक शांतपणे म्हणाली, ‘काकू, एक बांगडी किणकिणली तरी संवाद वाया जातो. कामावर जाताना काढीन, घरी आल्यावर घालीन.’

‘बघू,’ त्या म्हणाल्या.

सासूच्या ‘बघू’चा अर्थ आपल्याला का ठाऊक नाही? हे म्हणतात, ‘आत्ता कशाला विषय? लग्नानंतर आपोआप सुटेल.’ पण आपोआप काही सुटत नाही. मुलीलाच सोडून द्यावं लागतं. म्हणून साखरपुड्याआधी मी स्वतः विहीणबाईंकडे जाणार आहे. गोडीनंच बोलेन, पण बोलेन नक्की.