टाकीचें कुलूप

चोरीस गेलेल्या इतर वस्तूंची उणीव घरांत भासते. पेट्रोलची मात्र भर रस्त्यांत. आमची जुनी मोटारसायकल एके सकाळीं महाविद्यालयाच्या वाटेवर आचके देऊन थांबली, तेव्हां आम्हीं स्वतःच्या विसराळूपणास दोष दिला. प्राध्यापकाला हा दोष सहज पटतो. पुढच्या आठवड्यांत तोच प्रसंग पुन्हां घडला, तेव्हां ध्यानांत आलें कीं टाकीच्या झांकणाचें कुलूप झिजलें असून तें किल्लीवांचूनहि फिरतें. रबरी नळी आणि रिकामी बाटली एवढें भांडवल चोराला पुरेसें होतें.

विठ्ठलराव दातारांनीं १९०४ सालीं इचलकरंजींत पहिला यंत्रमाग आणला, तेव्हांपासून या गांवाच्या रात्रींना शांततेची संवय राहिली नाहीं. आमच्या समोरच्या कारखान्यांतहि रात्रपाळी चाले; दिवे जळत, कामगार चहाला बाहेर येत. मंदीमुळें ती पाळी बंद पडली आणि त्याच महिन्यांत आमची टाकी रिकामी होऊं लागली. यावरून आम्हीं जें अनुमान काढलें त्याबद्दल आमच्या विद्यार्थ्यास आम्हीं शून्य गुण दिले असते: त्या पाळीवरचा, काम गेलेला एक शेजारी तरुण आम्हीं मनांत चोर ठरविला. त्याच्या नमस्काराला आमचें उत्तर तुटक होऊं लागलें.

बाजारांतून नवें कुलुपी झांकण आणलें. आठ-दहा दिवस निश्चिंतीचे गेले. मग एके रात्रीं तीनच्या सुमारास दारावर थाप पडली. पाहतों तों तोच तरुण! "सर, तुमच्या गाडीखाली कोण तरी बसलं होतं. मी ओरडलो तसं पळालं."

कुलूप शाबूत होतें. पण टाकीखालच्या कॉकची नळी उपसलेली, आणि पेट्रोल थेंब थेंब मातींत जिरत होतें.

लंडनच्या ब्रामानें आपलें कुलूप उघडणारास २०० गिनींचें बक्षीस लावलें होतें. कित्येक दशकें तें कोणास उघडलें नाहीं. अखेर १८५१ सालीं हॉब्ज नांवाच्या अमेरिकनानें १६ दिवसांत मिळून ५१ तास खपून तें उघडलें. आमच्या चोरानें एवढेहि श्रम घेतले नाहींत. तो कुलुपाच्या वाटेसच गेला नाहीं. १९७३ च्या तेलटंचाईंत अमेरिकेंत कुलुपी झांकणांना मोठी मागणी आली. परंतु टाकीलाच भोंक पाडणारे चोरहि त्या देशानें पाहिले आहेत. आपल्याकडे २०२० पासून निघणाऱ्या बहुतेक मोटारसायकलींत पेट्रोल टाकींतल्या पंपानें पुढें जातें, त्यामुळें खालचा कॉक गेला. पण हत्यार घेऊन येणारास तेवढ्यानें अडवितां येत नाहीं.

मग कुलूप व्यर्थ कां? तसें आम्हांस वाटत नाहीं. चोर थोडे, मोहांत पडणारे पुष्कळ. झांकण सहज फिरत नाहीं असें दिसतांच हे दुसरे परत फिरतात. जो खालून येतो त्याला मात्र जागा शेजारीच हवा.

"इतक्या रात्रीं तूं जागा कसा?" आम्हीं विचारलें.

"रात्रपाळीची सवय, सर. काम गेलं, पण झोप काही येत नाही."

यावर आम्हांस बोलतां आलें नाहीं. झांकणाचें कुलूप आम्हीं ठेविलें आहे, आणि त्याच्या नमस्काराला आतां आम्ही थांबून उत्तर देतों. आमच्या मनांतल्या त्या संशयाची कबुली त्याच्यापाशीं देण्याचें धैर्य मात्र अद्याप झालेलें नाहीं.