पंचांगाचा तिवडा

खळ्यावर मळणी चाले तेव्हा बैल ज्या खांबाभोवती फिरत, त्यास तिवडा म्हणत. मळणीयंत्रे आल्यापासून तो दिसेनासा झाला आहे. परंतु ज्यांनी तो पाहिला आहे त्यांस ठाऊक असेल की, तिवडा स्वतः काहीच करीत नसे. कणीस तुडवणे बैलांचे काम, आणि दाणा वारणे वाऱ्याचे. तिवड्याने फक्त जागचे हलू नये, एवढीच त्याजकडून अपेक्षा. मनुष्याच्या कालगणनेसही असा एक तिवडा लागतो. सूर्य, चंद्र आणि ग्रह ज्या वर्तुळात फिरताना दिसतात त्या वर्तुळास मुळात आरंभ नाही नि शेवट नाही. मेष राशी कोठे सुरू झाली हे आकाशात कोणी कोरून ठेवलेले नाही. मोजणारानेच कोठे तरी खूण करावी आणि तेथून अंश मोजीत जावे, एवढाच मार्ग उरतो. आज महाराष्ट्रातील बहुतेक घरांत जे पंचांग भिंतीवर असते, त्याची खूण चित्रा नक्षत्राच्या तारकेवरून ठरली आहे. चित्रेच्या बरोबर समोर, १८० अंशांवर, जो बिंदू तो आपल्या मेषेचा आरंभ.

ही चित्रा ओळखण्यास फारसे सायास पडत नाहीत. भडगावी गिरणेच्या काठी आमचे जुने धाब्याचे घर आहे. खानदेशातील उन्हाळा ज्यांनी भोगला आहे त्यांस चैत्र-वैशाखात रात्री धाब्यावर अंथरूण का घालावे लागते हे सांगणे नको. आखाजीच्या सुमारास रात्री अकराच्या बेतास सप्तर्षींच्या शेपटीची कमान तशीच पुढे वाढवीत न्यावी, म्हणजे प्रथम तांबूस स्वाती भेटते, आणि तीच कमान पुढे दक्षिणेकडे ओढली की एक निळसर पांढरी, शांत तारका लागते. तिच्या आसपास तिच्या तोलाचे कोणी नाही. जुन्या ग्रंथकारांनी तिला मोत्याची उपमा दिली आणि देवांचा कारागीर जो त्वष्टा त्यास तिची देवता नेमले. चैत्राची पौर्णिमा हिच्याजवळ होते, म्हणून तो चैत्र. गंमत अशी की, आमच्याकडील शेतकरी चित्रेचे नाव सर्वांत अधिक घेतो ते आश्विनाच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावर, कापसाची बोंडे फुटू लागली असता. चित्रांचा पाऊस आता पडतो की काय, ही धास्ती त्या वेळी प्रत्येक ओसरीवर ऐकू येते. परंतु सूर्य चित्रेत आहे याचा अर्थच हा की ती सूर्याच्या तेजात बुडाली आहे. जिच्या नावाने गाव चिंता करतो ती त्या दिवसांत कोणाच्याही दृष्टीस पडत नाही.

या तारकेवरून महाराष्ट्रात एकेकाळी मोठा वाद माजला होता. मेषारंभ चित्रेवरून ठरवावा असे एका पक्षाचे म्हणणे. बागलकोट येथे शिक्षकी करून ज्यांनी 'ज्योतिर्गणित' सारखा ग्रंथ सिद्ध केला, ते व्यंकटेश बापूजी केतकर या पक्षाचे मुख्य आधार होत. दुसरा पक्ष म्हणे, मेषारंभ रेवतीच्या योगतारकेवरून धरावा. प्रो. केरो लक्ष्मण छत्रे यांच्या पटवर्धनी पंचांगाने हा मार्ग धरला आणि लोकमान्य टिळकांनी त्याचा पुरस्कार केला. मौज ही की दोन्ही पक्षांस आधार एकाच सूर्यसिद्धांताचा मिळतो. त्यात चित्रेचे स्थान १८० अंश दिले आहे आणि रेवतीचे ३५९ अंश ५० कला. परंतु प्रत्यक्ष आकाशात रेवतीच्या त्या तारकेपासून चित्रा १८० नव्हे, सुमारे १८४ अंशांवर आहे. दोहोंपैकी एकीस मान द्यावा तर दुसरीचा अपमान होतो. भास्कराचार्यांनी तर चित्रेस १८३ अंश दिले आहेत. तेव्हा सारा झगडा या चार अंशांचा.

चार अंश ऐकावयास क्षुल्लक वाटतात. परंतु सूर्यास चार अंश चालण्यास चार दिवस लागतात. म्हणून चित्रापक्षाची मकरसंक्रांत १४ जानेवारीच्या आसपास, तर टिळक पंचांगाची १० च्या आसपास येते. एवढ्यावर भागते तर कोणी तक्रार न करते. पण ज्या चांद्रमासात सूर्य राशी बदलीत नाही तो अधिक मास, असा आपला नियम आहे. आणि संक्रांतच चार दिवस अलीकडे आली म्हणजे एका पंचांगाच्या मते अधिक ठरलेला महिना दुसऱ्याच्या मते अधिक राहत नाही. मग दोन अधिक मासांच्या दरम्यान येणारे सण दोन घरांत एकेक महिन्याच्या अंतराने होतात.

आमच्या घरात हा वाद पुस्तकातून आला नाही. आमचे आजोळ रत्नागिरीकडील, टिळक पंचांग मानणारे. भडगावच्या घरात सोलापूरचे दाते पंचांग, म्हणजे चित्रापक्ष. आमच्या लहानपणी एका वर्षी महिन्यांची अशी फारकत पडली, आणि आमच्या आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची, तिथी माहेरी एका महिन्यात व सासरी दुसऱ्या महिन्यात आली. विवाहित मुलीस श्राद्धाचा अधिकार नसला तरी आई त्या दिवशी उपवास करी आणि शिधा काढून ठेवी. तिने त्या वर्षी दोन्ही दिवस उपवास केला. "आई, यांतला खरा दिवस कोणता?" असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "ते शास्त्री ठरवतील. शिधा काही वाया जात नाही." तेव्हा हे उत्तर आम्हांस टाळाटाळीचे वाटले होते. पुढे पदार्थविज्ञान शिकवण्यात तीस वर्षे गेल्यावर त्या उत्तराचे वजन वेगळे वाटू लागले. कां, ते पुढे येईल.

ज्या तारकेस स्थिर साक्षीदार म्हणून वादी पुढे करीत होते, तिची स्वतःची हकीकत त्याच सुमारास युरोपात उघडकीस येत होती. १८९० साली जर्मनीत पॉट्सडॅमच्या वेधशाळेत हेर्मान फोगेल याने चित्रेच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. वर्णपटातील काळ्या रेषा जागच्या जागी राहीनात. किंचित एका बाजूस सरकत, पुन्हा दुसरीकडे येत, आणि चार दिवसांनी तोच क्रम पुन्हा चाले. कजगाव स्टेशनावर न थांबता जाणाऱ्या गाडीची शिट्टी ज्यांनी ऐकली आहे त्यांस याचे मर्म चटकन कळेल. गाडी आपणाकडे येताना शिट्टीचा स्वर चढा असतो, निघून जाताना उतरतो. प्रकाशाचेही तसेच होते. चित्रा एकदा आपणाकडे येत होती, एकदा दूर जात होती. अर्थात ती कोणाभोवती तरी फिरत होती. जीस आपण एक मोती समजत होतो ते दोन तारे निघाले. दुर्बिणीतूनही ते निरनिराळे दिसत नाहीत, इतके जवळ आहेत.

पुढील शोधांनी या जोडप्याचे स्वरूप बरेच स्पष्ट केले आहे. मोठ्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे अकरा पट, धाकट्याचे सात पट. मोठ्याचा पृष्ठभाग सुमारे २५,००० अंश तप्त आहे, आणि त्याचा प्रकाश आपल्या सूर्याच्या सुमारे वीस हजार पट भरतो. दोघांमधील अंतर साधारण दोन कोटी किलोमीटर, म्हणजे सूर्यापासून बुधाच्या अंतराची जेमतेम तिहाई. आणि एवढ्या आखूड दोरीने बांधलेले हे दोन प्रचंड गोल सेकंदास शंभरावर किलोमीटर वेगाने चार दिवसांत परस्परांभोवती एक फेरी पुरी करतात. इतक्या जवळिकीत कोणाचाही आकार शाबूत राहत नाही. एकमेकांच्या ओढीने दोघेही अंड्यासारखे लांबट झाले आहेत. फिरताना कधी त्यांची रुंद बाजू आपणाकडे येते, कधी निमुळती. त्यामुळे प्रत्येक फेरीत चित्रा दोनदा उजळते आणि दोनदा मंदावते. हा फरक अत्यल्प आहे. नुसत्या डोळ्यास तो कळत नाही, पण सूक्ष्म उपकरणास कळतो. ऑस्ट्रेलियात नॅराब्राय येथे वर्तुळाकार रुळांवर दोन मोठे आरसे फिरवून चित्रेचा व्यास मोजण्यात आला, आणि १९७१ साली तो प्रसिद्ध झाला. तो कोन एवढा लहान आहे की भडगावच्या धाब्यावर ठेवलेले अडीच सेंटिमीटरचे नाणे पॉट्सडॅमहून पाहावे, तेवढाच तो भरेल.

आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष चटका लावून गेली. यांतील मोठा तारा चार तास दहा मिनिटांच्या तालाने धडधडत असल्याचे १९६० नंतरच्या दशकात दिसून आले. आणि पाहता पाहता, १९७० नंतर थोड्याच वर्षांत, प्रकाशातील ती धडधड जाणवेनाशी झाली. चित्रेचे अंतर सुमारे २५० प्रकाशवर्षे. म्हणजे जी धडधड आमच्या जन्माच्या सुमारास थांबलेली दिसली, ती वास्तविक पहिल्या बाजीरावास पेशवाईची वस्त्रे मिळाली त्या काळात केव्हा तरी थांबली होती. आणि आज रात्री जो प्रकाश आपल्या डोळ्यांत शिरेल तो बारभाई सवाई माधवरावाच्या पाळण्याभोवती बसून राज्य राखीत होते त्या सुमारास तेथून निघाला. रेवतीपक्षानेही हसण्याचे कारण नाही. त्यांची तारकाही लहानशा दुर्बिणीतून पाहिली की दोन दिसते!

हे सारे वर्गात सांगितले म्हणजे एखादा तरी विद्यार्थी विचारतोच, "सर, मग पंचांग खोटे का?" प्रश्न उद्धट नाही, त्यामागे खरी बेचैनी असते. घरी जे पाळले जाते आणि वर्गात जे शिकवले जाते त्यांची गाठ कोठे पडते, हे त्यास जाणावयाचे असते. कोणी त्यास सांगतात की आपल्या पूर्वजांस हे सर्व आधीच ठाऊक होते. कोणी सांगतात की पंचांग फेकून दे. दोन्ही उत्तरे सोपी आहेत, आणि सोपी म्हणूनच आम्हांस ती पसंत नाहीत.

आमचे उत्तर असे. चित्रा आत कितीही अस्वस्थ असली तरी आकाशातील तिची जागा इतकी मंद बदलते की एक अंश सरकण्यास तिला सुमारे सत्तर हजार वर्षे लागतील. खुणेचे काम करण्यास एवढी स्थिरता पुरे आहे. किंबहुना अयनबिंदू सरकतो हा शोधही या तारकेच्याच साक्षीने लागला. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात टिमोकॅरिसने अलेक्झांड्रियात घेतलेले चित्रेचे वेध हिप्पार्कसने सुमारे दीडशे वर्षांनी आपल्या वेधांशी ताडून पाहिले, तेव्हा दोन अंशांचा फरक निघाला. ज्या अयनचलनामुळे पुढे आपल्या पंचांगांत भांडणे लागली ते हेच. अर्थात चित्रेने आपले काम चोख केले. तिने जे कधीच सांगितले नाही ते एवढेच की, 'माझ्यापासूनच मोजा.' ते माणसांनी ठरवले.

हा ठराव कसा होतो याचा दाखलाही आहे. १९५२ साली भारत सरकारने डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांगसुधारणा समिती नेमली. नागपूरचे के. ल. दप्तरी आणि पुण्याचे ज. स. करंदीकर हे तीत होते. १९५५ च्या अहवालात समितीने धार्मिक पंचांगांसाठी जो आरंभबिंदू सुचवला तो चित्रापक्षास जुळता आहे. मात्र तो तिने आकड्यात बांधला : २१ मार्च १९५६ रोजी अयनांश २३ अंश १५ कला. येथे तिवडा आकाशातून कागदावर आला. तारका मोठी का धाकटी, एक का दोन, हा प्रश्नच उरला नाही. काही दशलक्ष वर्षांनी त्यातील मोठा तारा बहुधा महास्फोटाने फुटेल. तेव्हाही हा आकडा मोजदादीस उपयोगी पडेल, मोजणारे असले तर. आमच्या आईने शास्त्र्यांवर सोपवलेली गोष्ट अशी शेवटी चार जाणत्यांनी एकत्र बसूनच ठरवावी लागली. आणि तिचा शिधा मात्र दोन्ही महिन्यांत खरा होता.

आकाशाचे ज्ञान केवळ वेधांवर जगत नाही, माणसांच्या कबुलीवरही जगते. याची साक्ष पाहण्यास खानदेशाबाहेर जावे लागत नाही. चाळीसगावाजवळ डोंगराच्या पायथ्याशी पाटण आहे. तेथे तेराव्या शतकाच्या आरंभी भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी मठ स्थापिला. त्या शिलालेखाचा बहुतेक भाग संस्कृतात आहे. पण शेवटी, जेथे मठाचा खर्च कसा चालावा हे सांगावयाचे, तेथे लेख लोकांच्या बोलीत, जुन्या मराठीत, उतरतो. बाजारात येणाऱ्या मालावर आणि तेलाच्या घाण्यांवर मठाचा हिस्सा त्यात लावून दिला आहे. त्या घाणेवाल्यांपैकी चित्रेचे १८३ अंश कोणी मोजले नसतील. परंतु ज्या दिव्याखाली ते मोजण्याची रीत पोरांनी शिकली, त्या दिव्यात तेल त्यांचे होते.